येणं थकलं की देणं थकतं: छोट्या धंदेवाल्यासाठी वसुली आणि कर्जफेडीची रीत

किराणा असो, कापड असो, इलेक्ट्रिकचं सामान असो की टॉवेलचा छोटा कारखाना, सोलापुरात एक चित्र पेठोपेठी दिसतं. दुकानदाराची चार लाखांची उधारी बाहेर पसरलेली आणि त्याच दुकानदाराच्या डोक्यावर पतसंस्थेचं तीन लाखांचं कर्ज. कर्ज १८ टक्क्यांचं धरलं तर वर्षाचं व्याज ५४,००० रुपये, महिन्याचे साडेचार हजार. उधारीवर मात्र एक पैसा व्याज नाही. थोडक्यात, गिऱ्हाईक जो माल घेऊन गेलं त्याचं व्याज दुकानदार पतसंस्थेत भरतोय. उधारीचं पोतं सव्वा हात रितं म्हणतात. व्याज धरलं तर ते दोन हात रितं निघतं.

बहुतेक जण ही दोन दुखणी वेगळी समजतात. हप्ता थकला की दुसरीकडून उचल घेतात, याची टोपी त्याला घालतात, आणि उधारीची वही 'दिवाळीला बघू' म्हणून कपाटात ठेवतात. माझं म्हणणं एवढंच, की वसुली आणि कर्जफेड एकाच बैठकीत, एकाच वहीत करायची. कशी, ते क्रमाने सांगतो.

दोन याद्या, समोरासमोर

एक लांब वही घ्या आणि समोरासमोरची दोन पानं उघडा. डावीकडे देणं, उजवीकडे येणं.

देण्याच्या पानावर सगळं लिहायचं: बँक, पतसंस्था, पिग्मीवरचं कर्ज, सोनंतारण, क्रेडिट कार्ड, मोबाइल ॲपवरून घेतलेलं, ठोक व्यापाऱ्याची बाकी, मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने. घरच्यांना माहीत नसलेलंही इथं आलंच पाहिजे, नाहीतर या पानाला काही अर्थ नाही. प्रत्येकापुढे उरलेली मुद्दल, व्याजाचा दर, हप्त्याची तारीख, तारण काय आणि जामीनदार कोण.

दर लिहिताना एक गोष्ट तपासा. 'फक्त १२ टक्के' म्हणून दिलेलं कर्ज फ्लॅट दराचं असेल तर ते १२ टक्क्यांचं नसतं. एक लाख रुपये तीन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅटने घेतले तर व्याज ३६,००० आणि हप्ता ३,७७८ रुपये होतो. मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावरच लागतं. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हाच दर २१ टक्क्यांच्या आसपास जातो. खासगी सावकाराचा 'शेकडा पाच' हा महिन्याचा दर असतो, वर्षाचे ६० टक्के झाले. पानावर वर्षाचाच आकडा लिहा, म्हणजे सगळी कर्जं एका मापाने मोजली जातील.

येण्याच्या पानावर नाव, रक्कम आणि दोन तारखा: शेवटचा माल कधी नेला आणि शेवटचा पैसा कधी दिला. मग वयाप्रमाणे गट पाडा. महिन्याच्या आतली उधारी ही चालू बाकी, तिची चिंता नको. एक ते तीन महिने झालेल्यांना आठवण हवी. तीन महिन्यांपासून वर्षापर्यंतची ही खरी वसुलीची यादी. सगळी ताकद इथं लावायची. वर्षाच्या वरच्यांत किती येईल हे गिऱ्हाइकागणिक वेगळं, पण त्यांच्या तारखा लाल शाईने लिहा. त्याचं कारण पुढे येईल.

अनेकांच्या बाबतीत असं दिसतं, की निम्म्याहून जास्त रक्कम मोजक्या चार-पाच नावांवर असते आणि बाकी वही शे-दोनशे, हजार-पाचशेच्या नोंदींनी भरलेली असते. आपण मात्र रोज सकाळी त्या दोनशेवाल्यालाच हटकतो, कारण तो दारावरून जातो. ऐंशी हजारवाला मोटारीतून जातो, त्याला हटकायचा संकोच वाटतो.

नळ आधी बंद करा

वसुली सुरू करण्याआधी नव्या उधारीला मर्यादा घाला. 'आज रोख उद्या उधार'ची पाटी लावून धंदा चालत नाही हे मलाही कळतं. विडी वळणाऱ्या बाईला मजुरी आठवड्याने मिळते, यंत्रमागावरच्या कामगाराचंही तसंच. त्यांना आठवड्याची उधारी द्यावीच लागते आणि ती माणसं बहुधा ठरल्या दिवशी देतातही. बुडवणारे वेगळे असतात. म्हणून प्रत्येक खात्याला एक कमाल रक्कम ठरवा आणि ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगा: "अक्का, दोन हजारांपर्यंत वही चालंल, वर गेलं की आधी थोडं जमा करायचं." जुनी बाकी असलेल्याचा माल बंद करू नका. नवा माल रोखीने आणि प्रत्येक खेपेला जुन्यातले थोडे, असा नियम ठेवा. माल पूर्ण बंद केला की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं आणि तुमची बाकी तिथंच राहते.

कारखानदार आणि ठोकवाल्यांनी बिलावर 'रक्कम अमुक दिवसांत देणे' हे छापून घ्यावं आणि चलनावर माल घेणाऱ्याची सही, शिक्का घ्यावाच. कोर्टात निव्वळ खातेवहीतली नोंद कुणावर देणं लादायला पुरत नाही. साक्षीपुराव्याच्या जुन्या कायद्यात तसं होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तसंच आहे. वहीला जोड म्हणून सही केलेलं चलन, ट्रान्सपोर्टची पावती, मेसेज असं काहीतरी लागतं.

मागायचं कसं, केव्हा

मागणं ही वेळेची कला आहे. ज्याच्या हातात पैसा जेव्हा येतो, त्याच्या आदल्या दिवशी आठवण करायची. ऊसवाल्याकडे पावसाळ्यात तगादा लावून काही हाती लागत नाही. कारखान्याने ऊस नेल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदराचे, पैसे द्यावेत असा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, पण प्रत्यक्षात बिलं मागेपुढे होतात, तेव्हा कुठल्या कारखान्याचं बिल खात्यावर पडलं याची खबर ठेवा. कांदेवाल्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) बाजार समितीत झाली की त्याच आठवड्यात विचारा. शाळांचे गणवेश शिवून देणाऱ्याचा पैसा शाळा सुरू झाल्यावर सुटतो. नोकरदाराला एक ते पाच तारखेच्या दरम्यान. आणि सणाच्या आदल्या दिवशी कुणालाच नाही. संक्रांतीच्या गड्डा यात्रेला लेकरांना घेऊन निघालेल्या माणसाला रस्त्यात अडवून बाकी मागितली तर पैसे येत नाहीत, फक्त तोंड फिरतं.

पहिला फोन साधा असावा. रक्कम, तारीख आणि एकच प्रश्न:

"नमस्कार अण्णा, बाळीवेशीतून बोलतोय. तुमच्या वहीत २३,४०० दिसतायत, मार्चपासूनचे. या पाच तारखेला किती जमंल?"

समोरून येणार: "देतो की ओ मालक, कुठं पळून चाललोय का?"

इथं बहुतेक जण ओशाळतात आणि "नाही नाही, सहज विचारलं" म्हणून फोन ठेवतात. तसं करू नका. "तुम्ही देणारच, मला माहिताय. म्हणूनच आकडा विचारतोय. पाच हजार लिहू का?" 'कधी देणार' या प्रश्नाचं उत्तर 'बघू' असतं, 'किती लिहू' या प्रश्नाला आकडा द्यावा लागतो. आकडा मिळाला की त्याच मिनिटाला व्हॉट्सॲपवर पाठवा: "आत्ता बोलल्याप्रमाणे एकूण बाकी २३,४००, पैकी ५,००० पाच तारखेला." त्याने नुसतं 'होय' लिहिलं तरी कामाचं. तो मेसेज आणि तो ज्यात आहे तो मोबाइल जपून ठेवा. डिजिटल पुरावा कोर्टात दाखवताना ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

पाच तारीख चुकली तर सहा तारखेला फोन गेलाच पाहिजे. आठ दिवसांनी गेला तर तुमची तारीख खोटी असते हे गिऱ्हाइकाला कळून चुकतं. खरोखर अडचणीत असलेल्याला ओळखायची एक खूण आहे: तो फोन उचलतो, अडचण सांगतो आणि पाचशे का होईना देतो. त्याला हप्ते पाडून द्या. फोन न उचलणारा आणि नवी गाडी घेतलेला, दोन्ही एकच असेल, तर त्याच्यासाठी पुढचे रस्ते आहेत.

काय करायचं नाही तेही सांगतो. थकबाकीदारांची नावं दुकानाबाहेर लावणं, गल्लीच्या ग्रुपवर टाकणं, त्याच्या मुलीच्या सासरी फोन करणं, त्याची दुचाकी उचलून आणणं. यातून बदनामीची किंवा चोरीची तक्रार तुमच्यावरच होऊ शकते. पैसा राहतो बाजूला, तुम्ही जाता पोलीस चौकीत.

तीन वर्षांची घंटा

आता त्या लाल शाईच्या तारखा. मुदतीच्या कायद्यानुसार, म्हणजे १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टनुसार, विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा तीन वर्षांतच लावावा लागतो. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर माल दिल्यापासून, ठरलेली असेल तर ती संपल्यापासून. वही 'मागील पानावरून पुढे' करत आणली म्हणून ही मुदत वाढत नाही.

ती वाढते दोन गोष्टींनी. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी बाकी मान्य केली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं सुरू होतात. किंवा त्याने मुदतीत थोडे पैसे दिले आणि ते दिल्याचं त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने कुठंतरी नोंदलं गेलं, तरीही. म्हणून रोख पाचशे घेताना तुम्ही वहीत लिहिलेलं पुरेसं नाही. त्याची सही घ्या.

कबुलीचा कागद दोन ओळींचाही चालतो: 'आपल्या दुकानातून उधार घेतलेल्या मालाची आजअखेर २३,४०० रुपये बाकी मला मान्य आहे. पैकी ३,४०० आज रोख दिले. उरलेले २०,००० दरमहा ५ तारखेला ४,००० प्रमाणे पाच हप्त्यांत देईन.' खाली नाव, पत्ता, तारीख, सही, शक्यतो एक साक्षीदार. मोठ्या रकमेला मुद्रांकाचं वकिलाला विचारून घ्या. तीन वर्षं उलटून गेली असतील तर नुसती कबुली कामाची नाही, पण 'देईन' असं सही केलेलं लेखी वचन करार कायद्याच्या कलम २५ नुसार चालतं. देणेकरी वारला असेल तर वारसांना मिळालेल्या मालमत्तेपुरतंच देणं वारसांकडे जातं. त्यांच्या स्वतःच्या कमाईवर हक्क सांगता येत नाही. दहाव्याच्या आत वही घेऊन जाऊ नये, हे कायद्यात नाही तरी पाळावं.

चेक, कौन्सिल, लोकअदालत

हप्त्यांसाठी तारीख टाकलेले चेक घेणं सगळ्यांत सोपं. चेक तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरायचा. परत आला तर बँकेचा मेमो हातात आल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस, आणि ते उलटल्यापासून एक महिन्याच्या आत फौजदारी तक्रार. चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ ची ही साखळी आहे, यातली एक तारीख चुकली की केस लंगडी पडते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड. तक्रार तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात होते, म्हणजे हैदराबादच्या व्यापाऱ्याचा चेक वटला नाही म्हणून तिकडे धावायला नको.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलवाला किंवा शहरातला गणवेश शिवणारा कारखानदार असेल, तर त्याच्या हातात याहून धारदार हत्यार आहे आणि ते वापरणारे थोडे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने १५ दिवसांत, लेखी करार असेल तर ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. बँक रेट साडेपाच धरला तरी हे साडेसोळा टक्के झाले. तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते, ती अशा थकलेल्या बिलांचा निवाडा करणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे जाते. निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारकडची नोंद) मात्र माल पाठवण्याच्या आधीची हवी. आणि चाटी गल्लीत तयार कापड घेऊन विकणाऱ्याला हा रस्ता नाही: २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळाली ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती, उशिराच्या पैशाच्या संरक्षणासाठी नाही.

दोन करांचे धागेही ओढून बघा. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे खरेदीदाराने अशा सूक्ष्म-लघु उत्पादकाला ठरल्या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्याला वजा मिळत नाही. आणि जीएसटीत १८० दिवसांत बिल भागवलं नाही तर खरेदीवरच्या कराचं घेतलेलं क्रेडिट (वजावट) उलटवावं लागतं. मार्चच्या सुरुवातीला खरेदीदाराच्या मालकाला फोन करण्याऐवजी त्याच्या अकाउंटंटला ईमेल करा. अनुभव असा, की मालकापेक्षा अकाउंटंट लवकर घाबरतो.

लहान रकमांसाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. कोर्ट फी नाही, तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं बळ आणि वर अपील नाही. समोरचा आलाच नाही तर मात्र लोकअदालत काही करू शकत नाही.

आलेला पैसा गल्ल्यात टाकू नका

इथं सगळी मेहनत वाया जाते. वसूल झालेले आठ हजार दुपारी गल्ल्यात पडतात आणि संध्याकाळपर्यंत ठोकवाल्याला, दूधवाल्याला, लग्नाच्या आहेराला जाऊन संपतात. जुन्या वसुलीसाठी वेगळं बचत खातं आणि त्याचा वेगळा क्यूआर ठेवा. काउंटरवर लावू नका, ज्याच्याकडे जुनी बाकी आहे त्यालाच फोनवर पाठवा. या खात्यातून पैसे फक्त डाव्या पानाकडे जातील.

डाव्या पानात क्रम असा लावावा असं माझं मत आहे. सगळ्या हप्त्यांची किमान रक्कम आधी, कारण हप्ता सलग ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए (थकीत कर्ज) ठरतं आणि बँकेचं बोलणंच बदलतं. त्यावर जे उरेल ते सगळं सर्वांत महाग कर्जावर: आधी शेकडा पाचवाला, मग ॲप आणि क्रेडिट कार्ड, मग फ्लॅट दराची कर्जं. घरकर्ज शेवटी. पुस्तकी हिशेबाला एक अपवाद करा: ज्या ठोक व्यापाऱ्याकडून रोज माल येतो त्याची बाकी बिनव्याजी असली तरी वर घ्या. त्याने माल थांबवला तर उजवं पानच कोरं पडेल. सोनंतारणाचं व्याजही वेळेवर भरा, लिलावात मंगळसूत्राला भाव मिळतो तो फक्त वजनाचा.

हप्ता झेपत नाही असं दिसलं तर थकण्याआधी शाखेत जा, दोन्ही पानांची झेरॉक्स घेऊन. मुदत वाढवून हप्ता कमी करा असा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. एकरकमी तडजोड शेवटचा पर्याय. त्यानंतर क्रेडिट अहवालात 'सेटल्ड' असा शेरा राहतो आणि पुढचं कर्ज अवघड होतं.

पतसंस्थेच्या बाबतीत एक जास्तीची सावधगिरी. तिथं महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवून थेट जप्तीपर्यंत जाता येतं आणि जामीनदारावर कर्जदाराइतकीच जबाबदारी असते. तुमच्यामुळे ज्याच्या पगारातून कपात होईल त्याला नोटिशीतून कळू देऊ नका, आधी जाऊन सांगा. आणि गल्लीतल्या ओळखीवर तुम्ही कुणाला जामीन असाल तर तीही रक्कम डाव्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवा.

सावकार आणि वसुली एजंट

महाराष्ट्रात सावकारीला परवाना लागतो. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली बिगरशेतकऱ्यासाठी ठरवलेला दर तारण कर्जाला वर्षाला १५ आणि विनातारणाला १८ टक्के आहे, चक्रवाढ चालत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. जुना दामदुपटीचा नियम तो हाच. पन्नास हजारांवर शेकडा पाचने दोन वर्षं व्याज भरलं असेल तर ६०,००० गेले, मुद्दल जशीच्या तशी. परवाना नसलेल्या सावकाराची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात होते. कोरे चेक आणि सही केलेला स्टँपपेपर त्याच्याकडे असेल तर तक्रारीत चेकचे नंबर लिहा. दिलेल्या प्रत्येक पैशाचा यूपीआयचा उतारा जोडा. रोख देत असाल तर आजपासून बंद करा.

बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या एजंटांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, नातेवाइकांना त्रास देता येत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे; माहितीसाठी नंबर १४४४८. घरात बायका गटाचं मायक्रोफायनान्स कर्ज घेत असतील तर घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते घरच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. चौथ्या कंपनीचा माणूस दारात फॉर्म घेऊन आला तर हे त्याला सांगा.

कर्ज फिटलं की नो ड्यूज दाखला घ्या, तारणाची कागदपत्रं ३० दिवसांत परत मागा. बँकेने किंवा फायनान्स कंपनीने स्वतःच्या चुकीने उशीर केला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची असते.

राहिली बुडीत उधारी. परगावी गेलेला, पत्ता नसलेला, तीन वर्षं उलटलेला आणि काहीच लिहून न दिलेला, अशांची नावं उजव्या पानावरून काढून मागच्या पानावर टाका. आठशे रुपयांसाठी वकिलाला दीड हजार देऊ नका. नियमित हिशेब ठेवून त्यावर आयकर भरणाऱ्याला खरी बुडीत रक्कम पुस्तकात खर्ची टाकून वजावट घेता येते, अंदाजी नफ्याच्या योजनेत (विक्रीचा ठरावीक टक्का नफा धरून) विवरण भरणाऱ्याला ती वेगळी मिळत नाही. म्हणून ही यादी आपल्या सीएकडे ३१ मार्चच्या आधी जायला हवी. जुलैत विवरण भरताना आठवलं तर ते साल निघून गेलेलं असतं.